अलिबागच्या मावशीबरोबर डेलीतले जेवण

न्यू जर्सी, रविवार

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

गेल्या मंगळवारी तुझी अलिबागची मावशी आणि मी मॅनहॅटनमध्ये तेहेतिसाव्या रस्त्यावरच्या 'सेकंड अव्हेन्यू डेली' या यहुदी खाणावळीत जेवलो. तू स्वयंपाकाचे शिक्षण घेत आहेस, म्हणून त्या जेवणाविषयी तुला सविस्तर लिहावेसे वाटले.

मावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी यहुदी, असल्यामुळे आम्ही १८८८पासून चालत आलेल्या 'कॅट्झ' डेलीमध्ये गेलो नाही. तिथल्या पास्त्रामीची, म्हणजे मसाले लावून धुरावलेल्या गोमांसाची, ख्याती जगभर असली, तरी तिथे मांसाबरोबर चीजही वाढतात आणि मावशीच्या माहेरी मांस व दूध एका जेवणात कधीच आले नाही. 'सेकंड अव्हेन्यू' मात्र कोशर, म्हणजे यहुदी आहारनियम पाळणारी, आहे. युरोपातून निर्वासित होऊन आलेल्या एब लेबेवोल यांनी ती १९५४मध्ये सुरू केली. १९९६मध्ये त्यांचा खून झाला, २००६मध्ये भाड्याचा वाद न मिटल्याने मूळ जागाही गेली. तरीही पुढच्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या पुतण्यांनी या नव्या जागेत ती पुन्हा उघडली आणि जुन्या रस्त्याचे नाव पाटीवर तसेच ठेवले, याचे मला फार कौतुक वाटते.

बसताच मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्या समोर आल्या. मावशीने राय ब्रेडमधले टर्कीचे सँडविच मागवले, कारण कोकणातल्या अनेक बेने इस्रायली घरांप्रमाणे त्यांच्याकडेही गोमांस खात नसत. मी मात्झो बॉल सूप घेतले. कोंबडीच्या निवळ, सोनेरी रश्श्यात एकच मोठा गोळा होता. चमच्याने दाबताच तो हलका फुटला आणि आतपर्यंत रस्सा मुरलेला दिसला. यहुदी लोक वल्हांडणाच्या सणाला खातात त्या बेखमीर भाकरीचा चुरा, अंडी आणि कोंबडीची चरबी एवढ्यावर तो होतो. लोणी चालत नाही, म्हणून पूर्व युरोपातल्या यहुदी गृहिणींनी कोंबडीची किंवा बदकाची चरबी कांद्याबरोबर कढवून वापरली आणि त्यांच्या साऱ्या स्वयंपाकाला तिचीच चव आली.

सूप संपता संपता मावशी सांगू लागली की नियम तोच, पण तिच्या आजीच्या हाताशी नारळ होता. मटणाच्या रश्श्याला दही नाही, तर नारळाचे दूध. आणि मांसाच्या जेवणानंतरच्या गोडालाही तेच. नव्या वर्षाच्या सणाला त्यांच्याकडे गव्हाच्या चिकाचा हलवा होतो, तोही नारळाच्या दुधात, आणि तो ढवळताना हात भरून येतात म्हणून घरातली सगळी माणसे पाळी लावतात. शेवटी आम्हाला इवल्याशा पेल्यांतून चॉकलेट सोडा मिळाला, अर्थातच बिनदुधाचा, आणि तो पिताना मावशीचा चेहरा खुलला होता.

तुझ्या अभ्यासक्रमात दुधाला पर्याय म्हणून काय काय शिकवतात, ते मला कळव. पण त्याआधी मावशीला फोन कर आणि हलव्याची कृती तिच्याकडून नीट विचारून घे, कारण गहू किती दिवस भिजवायचे आणि चीक कसा गाळायचा, हे सारे तिच्या हाताला माहीत आहे, कागदावर कुठेही उतरलेले नाही. डिसेंबरात आलास की आपण तिघे तिथे जाऊ. शनिवार मात्र नको. तो मावशीचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र वार.

तुझी,
आई