प्रेक्षक नाहीत की टीमच टिकत नाहीत?

‘महाराष्ट्रात फुटबॉलला प्रेक्षकच नाही’ असा सूर लावणारा लेख तुमच्याकडे वाचला, अजिबात पटला नाही. आधी टीम टिकतात कुठे? मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल लीग (तेव्हाची देशातली मुख्य फुटबॉल स्पर्धा) जिंकली आणि २०१० ला टीमच बंद झाली, पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये (नॅशनल लीगच्या जागी आलेली स्पर्धा) दुसरी आली, पुढे तीही गेली, मग एफसी पुणे सिटी २०१८ ला आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) सेमीफायनलला पोचली आणि पुढच्याच वर्षी तिची जागा हैदराबादच्या टीमने घेतली. मैदानात नाही, हिशोबाच्या वहीत हरल्या सगळ्या (खेळाडू बिचारे काय करणार). फॅननी दरवेळी नवी जर्सी घेऊन नवं प्रेम करायचं का? लीगने टीम घेतानाच मालकाकडून काही वर्षांची बँक गॅरंटी घ्यावी, आणि तो सोडून गेलाच तर निदान ज्युनिअर टीम तरी शहरात राहावी.

– एक फुटबॉलप्रेमी, पुणे