सुगंधाची ॲलर्जी "मोजक्या लोकांना" होते असं कळवणाऱ्या आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी नर्स आहे. सरकारी दवाखान्यांत हात धुवायला बिनवासाचा साबण द्या आणि साबण, शाम्पू, क्रीमच्या पाकिटांवर सुगंधी द्रव्यांची नावं छापणं सक्तीचं करा, एवढ्या दोन मागण्यांचा अर्ज मी तुमच्या खात्याकडे केला होता. परवा उत्तर आलं. अशी ॲलर्जी फार मोजक्या लोकांना होते म्हणून सध्या काही करायचा विचार नाही. खाली सही आणि शिक्का. कुठला सर्व्हे, कुठला आकडा, काही नाही. आपल्या कामाचा व्याप मोठा आहे हे मी समजू शकते, पण खात्याच्या कागदावर असं धादांत चुकीचं लिहून येत असेल तर मला ते सगळ्यांसमोर खोडून काढावंच लागेल.

2019 साली 'काँटॅक्ट डर्मटायटिस' या जर्नलमध्ये 28 अभ्यास एकत्र करून मांडलेला निष्कर्ष छापून आलाय. वीस हजारांहून जास्त लोकांची पॅच टेस्ट (संशयित द्रव्य पाठीवर चिकटवून ठेवतात आणि दोन-तीन दिवसांनी कातडी तपासतात), आणि हे लोक स्किनच्या ओपीडीत आलेले पेशंट नव्हते, साधी जनता होती. त्यात 20 टक्के लोकांना कसली ना कसली काँटॅक्ट ॲलर्जी, म्हणजे एखादी वस्तू कातडीला लागून होणारी ॲलर्जी, निघाली. पहिला नंबर निकेलचा, 11.4 टक्के. दुसरा नंबर सुगंधी मिश्रणाचा, 3.5 टक्के! म्हणजे तीस माणसं जमली की त्यात एक. एक कोटी लोकसंख्येला हा दर लावा, साडेतीन लाख होतात. बरं, हा आकडा मोठा वाटत असेल तर युरोपियन कमिशनच्या शास्त्रीय समितीचा 2012 चा अंदाज घ्या, तो 1 ते 3 टक्के आहे, आणि एक्झिमाच्या, म्हणजे खाज-पुरळाच्या त्वचारोगाच्या, पेशंटमध्ये 16 टक्के. अगदी खालचा 1 टक्का धरला तरी कोटीमागे एक लाख माणसं, आणि तुम्ही त्यांना मोजक्यात काढलंत.

आणि ही टेस्ट सुद्धा तोकडी आहे साहेब. 'फ्रेग्रन्स मिक्स वन' नावाचं जे मिश्रण पाठीवर लावतात त्यात फक्त 8 द्रव्यं आहेत, सिनॅमल, युजेनॉल, जिरॅनिऑल, ओकमॉस वगैरे. बाजारात वापरात असलेली सुगंधी द्रव्यं अडीच हजारांच्या वर. टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला रोज पुरळ येतं असं नाही हे मला माहीत आहे, पण शरीरानं एकदा ते द्रव्य ओळखलं की ती ओळख बहुतेक वेळा जन्मभर राहते, आणि पुरेसा डोस मिळाला की कातडी पेटते. औषधानं रॅश खाली बसतो, ॲलर्जी जात नाही. उपाय एकच, त्या द्रव्यापासून लांब राहणं.

आता लांब कसं राहायचं ते तुम्ही सांगा मला. माझ्या कामात दर पेशंटमागे हात धुवावे लागतात, दवाखान्यात येणारा साबण वासाचा. बोटांच्या मध्ये आधी खाज, मग बारीक पाण्याचे फोड, मग भेगा, आणि त्या भेगांवर पुन्हा तोच साबण. हातमोजे घातले की आत घाम येऊन आणखी चिघळतं. वास आणणारं काही हाताला लागलं आणि तो हात चुकून डोळ्याला लागला की पापण्या सुजतात, डोळे उघडत नाहीत. रिॲक्शन एक-दोन दिवसांनी येते त्यामुळे कशानं झालं ते माणसाला कळतच नाही, मलाही पॅच टेस्ट होईपर्यंत कळलं नव्हतं, तोवर डोक्यात शंभर संशय, खाण्यावर संशय, पाण्यावर संशय. वर्षानुवर्षं तीच क्रीम वापरली आणि अचानक एके दिवशी सुरू झालं असंही होतं. पेशंट माझे हात बघून विचारतात सिस्टर हे पसरतं का हो. नाही पसरत, पण त्यांची नजर बदललेली असते. भाचीला जवळ घ्यायचं तरी आधी विचारावं लागतं की तिला आज कुठलं लोशन लावलंय. रात्री झोप लागत नाही खाजेमुळे आणि सकाळी परत ड्युटी. या सगळ्याला तुमच्या कागदात एक ओळ मिळाली.

पाकीट वाचून घेत जा असं डॉक्टर सांगतात. वाचते मी. शेवटी एकच शब्द, पर्फ्यूम. त्या एका शब्दाखाली पन्नास द्रव्यं असू शकतात, शंभर असू शकतात, व्यापारी गुपित म्हणून झाकलेली. वास न येणाऱ्या वस्तूत सुद्धा मूळ वास दाबायला सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. नैसर्गिक म्हणून विकतात त्याचाही भरवसा नाही, लॅव्हेंडर आणि टी ट्री तेल हवेत उघडं राहिलं की त्यातले घटक ऑक्सिडाइझ होऊन जास्त ॲलर्जी देतात. गुपित कंपनीचं आणि कातडी माझी, आणि सरकार गुपिताची राखण करणार!

परदेशात तरी सगळं आलबेल आहे का, तर नाही. लायरल नावाचं सुगंधी द्रव्य सुरक्षित नाही असं युरोपातल्याच समितीनं 2011 मध्ये लिहून दिलं, ते दुकानांतून पूर्ण जायला ऑगस्ट 2021 उजाडला. दहा वर्षं लोकांच्या अंगावर ते लागत राहिलं. 2005 मध्ये तिथे 26 सुगंधी द्रव्यांची नावं पाकिटावर छापणं सक्तीचं झालं, 2012 मध्ये समितीनं ॲलर्जी देणाऱ्या 82 द्रव्यांची यादी पुढे ठेवली, यादी वाढवणारा कायदा आला 2023 ला आणि जुन्या मालाला मुदत जुलै 2028 पर्यंत. अमेरिकेत 2022 च्या कायद्यानं एफडीएला, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याला, अशी नावं छापण्याच्या नियमाचा मसुदा जून 2024 पर्यंत काढायला सांगितला, ती तारीखही उलटून गेली. सगळीकडे हेच, वस्तू बाजारात आणायची घाई, आणि ती त्रास देते हे सिद्ध करायचं काम ज्याला त्रास होतो त्याच्या डोक्यावर. पॅच टेस्टचं साहित्य किती सरकारी दवाखान्यांत ठेवलंय ते सांगाल? टेस्टच होत नाही म्हणून नोंद होत नाही, नोंद नाही म्हणून पेशंट दिसत नाहीत, आणि पेशंट दिसत नाहीत म्हणून तुमचं खातं मोजके म्हणतं. डोळे मिटून मोजायला बसलं की हेच होणार.

युरोपात माल विकणाऱ्या कंपन्यांना ही नावं छापावीच लागतात, म्हणजे यादी त्यांच्याकडे तयार आहे, नवीन संशोधन करायचं नाही, फक्त आपल्याकडच्या पाकिटावर तीच नावं छापायला लावायची आहेत. आणि दवाखान्यांच्या साबणाच्या खरेदीत वासाचा नको एवढी एक अट टाकायला तर कायदाही लागत नाही, तुमच्या सहीचा एक आदेश पुरतो. तो कधी काढताय ते कळवा, आणि या वेळी उत्तरात आकडे कुठून घेतले तेही लिहा.

आपली,
एक नर्स