युरियाच्या टंचाईसोबत वावरातून उडून जाणाऱ्या युरियाचंही छापा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जुलै लागला की आपल्या पेपरात दरवर्षी युरियाच्या टंचाईच्या बातम्या येतात, कृषी केंद्रापुढच्या लाइनीचे फोटो येतात, लिंकिंगच्या तक्रारी येतात. हे छापलंच पाहिजे, कारण युरियाच्या बॅगेसोबत नको असलेली बाटली नाहीतर पुडी गळ्यात मारतात हे आमच्या भागातला प्रत्येक कास्तकार भोगतो अन मीपण भोगलं आहे. पण एवढ्या मारामारीने आणलेला युरिया पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वावरात गेल्यावर त्याचं पुढं काय होते यावर कुणी दोन ओळी लिहीत नाही. आपल्या काळ्या जमिनीत वरून फेकलेल्या युरियाचा मोठा हिस्सा झाडाला मिळतच नाही, ही गळती थांबवली तर कोरडवाहू कपाशीला एकरी एक बॅग पुरते, एवढंच मला सांगायचं आहे.

हिशोब साधा आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची कोरडवाहू संकरित कपाशीसाठी शिफारस हेक्टरी ६० किलो नत्र (नायट्रोजन), ३० स्फुरद (फॉस्फरस), ३० पालाश (पोटॅश) अशी आहे, म्हणजे एकरी २४, १२, १२. आता १०:२६:२६ या मिश्र खताची (नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के) ५० किलोची एक बॅग पेरणीच्या वेळी दिली तर त्यातून ५ किलो नत्र अन १३-१३ किलो स्फुरद, पालाश गेलं. राहिलं १९ किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, बॅग २०१८ पासून ४५ किलोची, म्हणजे एका बॅगेत जवळपास २१ किलो. बस, काम झालं. ओलिताच्या कपाशीला दुप्पट शिफारस आहे ते मान्य, पण आमच्या भागात निव्वळ पावसाच्या भरवशावर असलेल्या वावरात एकरी दोन-दोन तीन-तीन बॅगा टाकणारे लोक आहेत, अन त्यांना दोष देऊन उपयोग नाही. युरियाची बॅग २६६ रुपये ५० पैशाला मिळते, डीएपी या स्फुरदाच्या खताची १३५० ला. २०१० पासून स्फुरद-पालाशच्या खतांना अन्नद्रव्यानुसार ठराविक अनुदान सुरू झालं अन त्यांचे भाव वर गेले, युरिया मात्र त्यातून बाहेर ठेवला. जे स्वस्त ते जास्त पडते, वरून झाड दहा दिवसात हिरवंगार दिसते, मग माणसाला वाटते फायदा झाला.

आता युरिया जातो कुठं ते सांगतो. दाणा ओल्या मातीवर पडला की जमिनीतला युरिएज नावाचा एन्झाइम त्याचा अमोनिया करतो, दोन-चार दिवसाचंच काम आहे ते. दाणा मातीखाली असला तर हा अमोनिया चिकणमातीला धरून राहते, उघड्यावर असला तर हवेत उडून जाते. आपली काळी जमीन चुनखडीची, पीएच बहुतेक ठिकाणी साडेसात-आठच्या वर, अशा जमिनीत हे उडणं अजून जास्त. सर्वात वाईट म्हणजे हलकीशी भुरभूर येऊन दाणा विरघळणे अन मग दोन-तीन दिवस कडक ऊन पडणे, नेमकं हेच आपल्याकडं जुलैत पावसाचा खंड पडला की होते. चांगला अर्धा-पाऊण इंच पाऊस लगेच पडला तर तो खत खाली नेतो, पण भरवसा कोणाचा. आमच्याकडं लोक म्हणतात आता युरिया नीम कोटेड आहे, काही होत नाही. २०१५ पासून सगळा युरिया नीम कोटेड आहे हे खरं, पण निंबोळीचं तेल अमोनियाचं नायट्रेट व्हायची क्रिया हळू करते, वर पडलेल्या दाण्यातून उडणारा अमोनिया ते थांबवत नाही. हा फरक कृषी केंद्रात कोणी सांगत नाही.

अन जे उडालं नाही त्याचं नायट्रेट झालं की दुसरी वाट तयार असते. वावरात चार दिवस पाणी साचलं की जमिनीतली हवा संपते अन जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. जिथं पाणी झिरपते तिथं तेच नायट्रेट विहिरीत जाते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको असा नियम आहे, आपण तर वावरातल्या विहिरीचंच पाणी पितो, म्हणून गावोगावच्या विहिरींची तपासणी व्हायला पाहिजे. अजून एक गोष्ट दरवर्षी दिसते, अतिपावसाने पऱ्हाटी पिवळी पडली की माणूस घाबरून त्याच चिखलात युरिया फेकतो. मुळाला श्वास घ्यायला जागा नाही तर ते खत घेणार कसं? आधी चर काढून पाणी बाहेर, मग वाफसा (जमीन ओली पण चिखल नाही अशी), मग खत. तोवर नड असली तर २ टक्के युरियाची फवारणी, १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. फवारणीने झाड सावरते पण मुळाच्या खताची जागा ती घेत नाही, एकरी १० पंप मारले तरी ३ किलोच युरिया जाते, त्यात नत्र दीड किलोपेक्षा कमी.

टाकायची रीत आपल्याकडंच आहे, नवीन मशीन लागत नाही. पहिल्या महिन्यात कपाशी फार कमी नत्र घेते, खरी भूक पात्या (कळ्या) अन फुलं लागल्यापासून बोंडं भरेपर्यंत, साधारण ४५ ते ९० दिवस. म्हणून नत्राचे हप्ते पाडायचे, थोडं पेरणीला, मोठा हिस्सा महिन्याभराने, अन पाऊस साथ देत असला तर उरलेलं ६० दिवसाच्या आत. दोन माणसं पुढं चालून झाडाच्या बुडापासून चार बोटं सोडून ओळीने युरिया टाकतात, त्यांच्या मागं लगेच डवरा, म्हणजे ओळीमधलं तण काढायचं बैलाचं औजार, अन डवऱ्याला दोरी बांधलेली. दोरीमुळं माती दोन्ही बाजूला ओळीवर चढते, खत झाकल्या जाते, मधात सरी पडते, पुढच्या पावसाचं पाणी त्या सरीत मुरते अन जास्तीचं निघून जाते. एकाच फेऱ्यात तण, खत, पाणी तिन्ही कामं. बैल नसले तर खुरपीने खळगी करून चिमूटभर खत अन वर माती, मजुरी लागते पण अख्खी बॅग हवेत घालवण्यापेक्षा परवडते. जिथं तीन बॅगा पडत होत्या तिथं एक नीट झाकून टाकणारे कास्तकार माझ्या शेजारी आहेत, त्यांच्या बोंडात मला काही कमी दिसत नाही.

जास्तीच्या नत्राचं नुकसान फक्त खताच्या पैशाएवढं नाही हो साहेब. पानं लुसलुशीत झाली की तुडतुडे अन मावा तुटून पडतात, मग फवारण्या वाढतात. झाड डोक्याच्या वर जाते, ओळीत दाटी होते, आतल्या पात्या गळतात, बोंडं सडतात, अन माणूस त्या दाटीत शिरून डोक्याच्या वर हात करून फवारतो, सगळं औषध अंगावर. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, त्याची कारणं बरीच होती पण माणसाच्या वर वाढलेली पऱ्हाटी हे त्यातलं एक होतं, हे मला विसरता येत नाही. पोळ्यानंतर पडलेला युरिया तर पीक लांबवते, नवीन पात्या येत राहतात, हंगाम थंडीत जाते अन गुलाबी बोंडअळीला आयतं खायला मिळते. इकडं ऑक्टोबरात लाल्या (पानं लाल पडणे) दिसला की परत लोक कोरड्या जमिनीवर युरिया फेकतात, तेव्हा बोंडं पानातलंच नत्र ओढत असतात, तिथं २ टक्के डीएपी किंवा युरिया अन मॅग्नेशियम सल्फेटची फवारणीच कामाची.

आता मागणं. कास्तकार एकदम दोन-तीन बॅगा टाकतो त्याचं एक मोठं कारण ही टंचाईच आहे. ऑगस्टात बॅग मिळेल की नाही याची खात्री नसली तर तो मिळेल तेव्हा घेऊन ठेवतो, अन घरात ठेवलेली बॅग ओल धरते, गोटे होतात, म्हणून एकदाच टाकून मोकळा होतो. हप्ते पाडा म्हणून सांगणाऱ्या खात्याने १५ जुलै ते ऑगस्टअखेर गावात स्टॉक राहील हे आधी पाहावं. युरिया पॉस मशीनवर, म्हणजे दुकानातल्या विक्रीच्या मशीनवर आधार लावून विकल्या जातो, म्हणजे कोणत्या तालुक्यात किती गेला हे सरकारजवळ आहेच, ते तालुकावार जाहीर करा, सोबत कपाशीचा पेरा द्या, म्हणजे कुठं गरजेपेक्षा जास्त जातो अन कुठं खरंच पोचत नाही ते सगळ्यांना दिसेल. लिंकिंग करणाऱ्यावर कारवाई झाली तर तीही छापून येऊ द्या.

अन आपल्याला विनंती अशी की कापसाच्या भावाशेजारी जुलै-ऑगस्टात एक छोटी चौकट द्या. दर मंगळवारी अन शुक्रवारी हवामानाचा कृषी सल्ला निघते, तो पीडीएफ होऊन व्हॉट्सअॅपवर फिरते अन म्हाताऱ्या माणसाच्या मोबाईलमध्ये तो उघडत नाही, पेपर मात्र चहाच्या टपरीवर सगळे वाचतात. पुढचे चार दिवस खत टाकावं की थांबावं एवढं जरी त्यात असलं तरी पुष्कळ. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे, १९७६ पासून, तिथल्या शास्त्रज्ञांना विचारून आठवड्याला चार ओळी घेणं आपल्याला जड नाही. आमच्याकडं येत्या आठ-दहा दिवसात दुसरा हप्ता पडणार आहे, पत्र त्याच्या आधी छापलं तर बरं होईल.

आपला,
एक कापूस उत्पादक कास्तकार,
ता. सावनेर, जि. नागपूर