घावदोरा

गावभाग, सांगली

प्रिय पम्या,

फोन नाही, मेसेज नाही, थेट पोस्टानं पाकीट आलं म्हणून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. पाकिटात कागदाचे तीन छोटे तुकडे आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले असते तर तू दोन बोटांनी मोठे करून बघितले असतेस, आणि मला नेमकं तेच नकोय. जेवढे आहेत तेवढेच बघ.

आई आणि हरिपूरची मावशी शिवतात त्या वाकळांना आता बऱ्यापैकी गिऱ्हाईक आहे. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमची ट्रंक बुडाली होती, आठवतंय? त्यातली आजीची लुगडी धुऊन वाळवून पहिली वाकळ झाली, तिथनं हे सुरू झालं. नाव ठेवलं 'धावदोरा'. लोगो मीच काढायचं ठरवलं. एलिमेंटरीला 'ब' श्रेणी मिळालेली, तिचा माज अजून उतरलेला नाही.

कल्पना अशी, की शिरोरेषा म्हणजेच धावदोरा. अक्षरांवर तुटक तुटक टाके आणि शेवटी सुई. दिसेल त्याला दाखवलं. सगळे म्हणाले, "छान." मी हवेत. कापडी पट्टीवर मारायला इंचभर रुंदीचा रबरी शिक्काही करून आणला. पहिल्या पट्ट्या दोरीवर वाळत घातल्या होत्या, तर शेजारचे काका चष्मा कपाळावर सरकवून वाचतात, "घाव-दोरा. कुणाला घाव घातलास रे बाबा?"

मी हसलो, मग जवळ जाऊन बघितलं आणि गारच झालो. लगा, ध आणि घ यांत फरक तो केवढा! ध च्या डोक्यावर रेघ अर्धीच असते, डावीकडे मोकळी जागा. भ आणि म यांतला फरकही असाच, भ ची रेघ अर्धी, म ची पुरी. माझी सगळी रेघच तुटकी, त्यात ती एक फट मुद्दाम सोडलीय हे कुणाला कळणार? त्यातून शाई कापडात फुटली, टाक्यांमधल्या जागा बुजल्या आणि रेघ सलग झाली. म्हणजे उरलासुरला ध पण गेला. रात्री लॅपटॉपवर मंगल फॉन्टमध्ये दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी मोठी करून बघितली. र. कृ. जोशींनी घडवलेला फॉन्ट तो. इतकी वर्षं त्यात टाइप करतोय, खरं ती फट एकदाही नजरेत भरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हरिपूरला गेलो. मावशीनं कागद खिडकीशी धरला. घ, ध तिच्या ध्यानातच आलं नाही. म्हणाली, "हे मशीनचे टाके हायत. हाताचा टाका असा एकसारखा पडतोय होय?" मग मांडीवरची वाकळ पुढ्यात सरकवली. कडेनं सुरू होऊन चौकोनात आत आत गेलेले टाके, कोपऱ्यावर वळताना बारीक, दोरा संपत आला की लांब. एका जागी तर सरळ तिरका गेलाय. "तवा लाइट गेलती," म्हणाली. आणि मी पट्टी ठेवून, पाच मिलिमीटर टाका नि तीन मिलिमीटर जागा, असं मोजून काढलं होतं! काय बोलणार?

भाचा म्हणतो पाच रंग घाल, उठाव येईल. पिशव्या स्क्रीन प्रिंटिंगनं छापायच्या, दर रंगाला वेगळी स्क्रीन, वेगळा खर्च. एकच रंग. तो विषय संपला.

घाई एवढ्यासाठी की ट्रेडमार्कचा अर्ज भरायचाय. वाकळ वर्ग 24 मध्ये येते. आपल्यासारख्या एकट्या माणसाला ऑनलाइन फी 4500 रुपये, मिळाला की दहा वर्षं चिंता नाही. पण एकदा अर्ज गेला की चिन्हात मोठा बदल करू देत नाहीत, पुन्हा नवा अर्ज, पुन्हा फी. घाव घालून बसलो असतो तर?

तर आता हे तीन तुकडे. मागं अ, ब, क लिहिलंय. कशात काय बदललंय ते सांगत नाही. तू बघायच्या आधी वहिनींना दाखव, पोरांना दाखव. हातभर लांब धरायचे. "कसा आहे" असं अजिबात विचारू नकोस, "काय लिहिलंय" एवढंच विचार, आणि जे म्हणतील ते जसंच्या तसं त्याच तुकड्यामागं लिही. थोरलीनं चुकीचं वाचलं तर तिला रागावू नकोस, मला तेच पाहिजे. तुझं मत शेवटी. "छान" एवढंच लिहून पाठवलंस तर थंडीत वाकळ मिळणार नाही, सांगून ठेवतो.

तिकीट लावलेलं पाकीट आत आहे, तेव्हा आळस नको.

तुझा,
बाळ्या

ता. क. 'घावदोरा'च्या चाळीसेक पट्ट्या पडून आहेत. मी फेकायला निघालो होतो, मावशीनं काढून घेतल्या. पुढच्या वाकळेत मधल्या थराला घालणार म्हणे.