पोराच्या गेमिंग व्हिडिओंबद्दल, सविस्तर

मंगळवार पेठ,
कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा तू फोनवर विचारलंस, "पोरगं सारखं गेमिंगचे व्हिडिओ बघतंय, बंदच करून टाकू का?" दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, नीट बोलता आलं नाही. आणि हा विषय घाईत उरकण्यासारखाही नाही. तुझा नऊचा, आमची धाकटी अकराची. माझ्या घरी जे चाललंय तेच थोड्याफार फरकाने तुझ्याकडे चाललं असणार, म्हणून निवांत बसून लिहितोय.

सरसकट बंद करू नकोस भावा. घरी बंद केलं की पोरं मित्राच्या मोबाइलवर बघतात, आणि तिथं आपण शेजारी नसतो. प्रश्न आहे तो कुठला व्हिडिओ चालेल आणि कुठला नाही, हे आपल्याला ओळखता येण्याचा.

बहुतेक आईबाप गेमचं नाव विचारतात आणि तिथंच थांबतात. गेमला वयाचा शिक्का असतो हे खरं. प्ले स्टोअरवर गेमच्या पानावर 3+, 7+, 12+, 16+, 18+ असं लिहिलेलं असतं, ते जरूर बघावं. पण तो शिक्का गेमचा आहे. त्या गेमवर कुणीतरी केलेल्या व्हिडिओला तो लागू होत नाही. ठोकळे रचून घरं बांधायच्या माइनक्राफ्ट या गेमचंच घे. युरोपातल्या पेगी या पद्धतीत त्याला 7 वर्षांचं रेटिंग आहे, म्हणजे आपल्या पोरांना चालण्यासारखा गेम. आमची धाकटी त्यातला एक व्हिडिओ बघत होती. त्यातला पोरगा रेडस्टोन (गेममधला विजेच्या तारेसारखं काम करणारा पदार्थ) वापरून आपोआप उघडणारं दार कसं करायचं ते समजावत होता. कुठला ठोकळा आधी, कुठला नंतर, दार उघडलं नाही तर चूक कुठं शोधायची, सगळं शांतपणे. तिनं ते चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं उतरवून घेतलं. त्याच गेमचा पुढचा व्हिडिओ लागला, तर त्यातल्या माणसाचं घर क्रीपरनं, म्हणजे गेममधल्या स्फोट होणाऱ्या राक्षसानं, उडवल्याबरोबर त्यानं जोडीदाराच्या आईवरून शिवी हासडली. गेम तोच, वयाचा शिक्काही तोच.

उलट बाजूही बघ. जीटीए फाइव्ह हा 2013 साली आलेला गेम, पेगीचं रेटिंग 18. त्याच गेममध्ये शिनचॅनसारखी कार्टूनची पात्रं घालून हिंदीत गोष्टी रचलेले ढीगभर व्हिडिओ आहेत. वरचं चित्र बघून कुणालाही वाटावं, लहान मुलांचं काहीतरी आहे. आत मात्र गाड्या चोरणं, माणसं उडवणं, पोलिसांना चुकवणं सगळं असतं. तुझ्या पोराच्या यादीत असला एखादा सापडला तर तो आधी स्वतः पूर्ण बघ, मग ठरव.

आपले आजोबा पोराला तालमीत घालताना आधी वस्ताद कोण ते बघायचे. माती सगळीकडं सारखीच. पोरगं बोलायला, वागायला शिकायचं ते वस्तादाकडं बघून. या व्हिडिओंत तो बोलणारा माणूस वस्तादाच्या जागी बसलेला आहे. तुझं पोरगं रोज त्याचा आवाज कानात घेऊन झोपतंय. म्हणून पारख त्याची कर. तो हरल्यावर काय करतो, हे मी सगळ्यात आधी बघतो. हसून परत खेळायला लागतो, का किंचाळून समोरच्याला घाण बोलतो? सोबत एखादी मुलगी खेळत असेल तर तिच्याशी कसा बोलतो? आणि बघणाऱ्या पोरांकडं काय मागतो? लाइक, सबस्क्राइब एवढं सगळेच मागतात, त्याचं फारसं मनावर घेऊ नकोस. पण "डायमंड घ्या, ही स्किन घ्या, खालच्या लिंकवर फुकट मिळेल" असं सुरू झालं (डायमंड म्हणजे गेममधले पैसे, स्किन म्हणजे पात्राचा पोशाख) की तो चॅनेल माझ्या घरातून बाद. फुकट डायमंडच्या लिंकवर पोरांकडून गेमचा पासवर्ड काढून घेतात. वहिनींच्या मोबाइलचा यूपीआय पिन पोराला माहीत असेल तर आजच बदला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला. पण जुन्या व्हिडिओंत तो माणूस स्वतःच्या तोंडानं जे सांगून बसलाय ते आपोआप पुसलं जात नाही, त्यामुळं तिथंही कान उघडे ठेव.

सगळं पूर्ण बघायला तुला वेळ नाही, मलाही नाही. पहिली दोन मिनिटं बघून मात्र निकाल देऊ नकोस, सुरुवातीला सगळेच गोड बोलतात. मधला भाग बघ, आणि शेवटचा, जिथं डाव हातातून जातो. लाइव्ह असेल तर जास्त सांभाळ. तिथं काहीच कापलेलं नसतं आणि बाजूच्या चॅटमध्ये कोण काय लिहील याचा नेम नाही.

आमच्याकडं एक नियम घातलाय, इअरफोन लावायचे नाहीत. आवाज घरात ऐकू आला पाहिजे. आई सोप्यात मेथी निवडत बसलेली असते. मधूनच हात थांबवून विचारते, "ह्यो कोण गं एवढा वरडतोय?" मग धाकटी स्वतःच तो व्हिडिओ बदलते. कुठल्याही सेटिंगपेक्षा मला याचा उपयोग जास्त वाटतो.

तरी सेटिंगही करून टाक. यूट्यूब किड्समध्ये 9 ते 12 वयाचा गट निवडलास तर त्यात मुलांसाठीचे गेमिंग व्हिडिओ येतात, आणि हवं तर तू मंजूर केलेलेच चॅनेल दिसतील असंही ठेवता येतं. साध्या यूट्यूबवर पालकांच्या देखरेखीचं खातं काढता येतं, त्यात नऊ वर्षांपुढच्यांसाठी 'एक्सप्लोर' ही पायरी आहे. पुढचा व्हिडिओ आपोआप लावणारं ऑटोप्ले बंद कर. नको असलेल्या व्हिडिओच्या तीन ठिपक्यांवर जाऊन तो चॅनेल सुचवू नका असं सांगून ठेव. व्हिडिओवर 'मुलांसाठी' अशी खूण दिसली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नकोस. ती खूण बहुतेक वेळा व्हिडिओ करणाऱ्यानंच लावलेली असते. व्हिडिओ कुणासाठी आहे एवढंच तिच्यावरून कळतं, चांगला आहे का ते नाही.

आणि पोराशी बोल रे. मोबाइल हिसकावून घेऊन नाही, त्याच्या शेजारी बसून. "हा तुला का आवडतो? हा आत्ता असं का बोलला?" असं विचार. नऊ वर्षांच्या पोराला बरोबर कळतं कोण चांगलं बोलतंय आणि कोण नाही, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं. आमच्या धाकटीनं एका चॅनेलबद्दल सांगितलं, "बाबा, हा मुद्दाम घाबरल्यासारखं करतो, खरं घाबरत नाही." माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

आता एक काम कर. तो सध्या बघतोय त्यातल्या चार-पाच चॅनेलची नावं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. ती त्याच्याकडूनच लिहून घे, गुपचूप मोबाइल तपासून नको. रात्री दुकान वाढवल्यावर धाकटीला बरोबर घेऊन बघतो. यातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मग तुला फोन करतो.

वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद. काकांच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळव.

तुझा,
पेठेतला मित्र