मीटरवरचा आकडा आणि कागदावरचं वय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात रविवारी छोट्या जाहिराती येतात त्यातला जुन्या गाड्यांचा कॉलम मी न चुकता वाचतो, घ्यायचं काही नसतं तरी. त्यात हमखास तीन शब्द असतात, ‘सिंगल हँड’, ‘लेडी यूज्ड’ आणि ‘डॉक्टरांची गाडी’. आता मी स्वतः सत्तावीस वर्षं मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून फिरलेला माणूस, सातारा जिल्ह्यातले डॉक्टर बऱ्यापैकी ओळखतो, आणि त्यातले मोटारसायकलवर दवाखान्यात येणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके, तेव्हा एवढ्या गाड्या डॉक्टरांच्या आल्या कुठून हा मला पडलेला जुना प्रश्न आहे. असो. मुद्दा वेगळाच आहे. त्या जाहिरातीत मॉडेल कुठल्या सालचं ते असतं, रंग असतो, किंमत असते, पण गाडी चाललीय किती ते बहुतेक वेळा नसतंच, आणि असलं तर त्यावर विश्वास ठेवावा असं काही उरलेलं नाही, म्हणून हे पत्र.

माझी गाडी स्प्लेंडर, २००९ च्या ऑगस्टमधली, ऑन रोड पंचेचाळीस हजारांच्या आसपास पडली होती. पहिली दहा वर्षं ती वर्षाला पंधरा-सोळा हजार किलोमीटर चालली. सोमवारी कोरेगाव-पुसेगाव, मंगळवारी वाई, एक दिवस मेढा, एक दिवस वडूज-दहिवडी, महिन्यातून दोनदा फलटण, आणि कराडला गेलं की जाऊन-येऊन शंभर कुठे गेले नाहीत. कंपनीचा स्टँडर्ड फेअर चार्ट असायचा त्यात गावागावातलं अंतर ठरलेलं, त्याप्रमाणे पैसे मिळायचे, पण चार्टात स्टँड ते स्टँड अंतर असतं, डॉक्टरांचा दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला असतो, डॉक्टर नसले की परत यायला लागतं, ते किलोमीटर आपल्या खिशातले. म्हणून मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली, पेट्रोल किती टाकलं, मीटर किती होतं. २०१९ नंतर काम बदललं, फिरणं कमी झालं, तरी वर्षाला पाच हजार होतातच. आजचा एकूण आकडा १,८७,४१२. सरासरी साठचं ॲव्हरेज धरलं तर तीन हजार लिटरच्या वर पेट्रोल झालं, म्हणजे गाडीच्या किमतीच्या पाचपट तर नुसतं पेट्रोलच जाळलंय मी.

पण मीटरवर आज ८७,४१२ च दिसतंय. कारण त्या जुन्या काट्याच्या मीटरला पाचच आकडे (शेवटचा लाल आकडा शंभर मीटरचा, तो धरत नाहीत), ९९,९९९ झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात. हा क्षण बघायचाच असं मी महिनाभर आधीपासून ठरवलेलं. २०१६ च्या सुरुवातीची गोष्ट, हिशोबाने तो वर्धनगडच्या घाटात येणार होता, म्हटलं वर थांबू, फोटो काढू. नेमके पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे दिवस, घाटात पुढे ट्रॅक्टर, मागे जीपा, एक एसटी चिकटून चाललेली, मान खाली घालायची सोय नाही. पुसेगावात जाऊन चहाला थांबलो तेव्हा मीटरवर ००००३. लाख किलोमीटर केलेले आणि तेवढे तीन बघायचे राहिले.

तर सांगायचं म्हणजे माझ्यासारखे शेकड्याने आहेत. पहाटे कॅन अडकवून निघणारे दूधवाले बघा, वीज मीटरचं रीडिंग घेणारी पोरं, फायनान्सचे वसुलीवाले, आणि आता पुण्यात जेवणाची पार्सलं पोचवणारी मुलं, त्यातल्या एकाशी बोललो तर म्हणाला दिवसाला शंभर-सव्वाशे होतात, म्हणजे तीन वर्षांत लाख. आणि त्याच पुण्यात माझ्या मेहुण्यांच्या सोसायटीत खाली एक बुलेट उभी आहे, कव्हर घातलेली, चार वर्षांत सहा हजार किलोमीटर. मालक रविवारी तिला आंघोळ घालतो, महिन्यातून एकदा चांदणी चौकापर्यंत नेऊन आणतो, लडाखला जायचंय जायचंय म्हणतो. त्याला हसायचं कारण नाही, आपापली हौस. फक्त उभी गाडी चांगली राहते हा गैरसमज आहे, बॅटरी बसते, टायर कडक होतात, आणि आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल, ते पाणी ओढतं, उभ्या टाकीत गंज लवकर धरतो असं आमचा मिस्त्री सांगतो. (इथेनॉल आमच्याच उसाचं, त्यामुळे जास्त बोलता येत नाही.)

आता गंमत अशी की सरकारी कागदाच्या दृष्टीने ही बुलेट आणि त्या पार्सलवाल्याची गाडी यांच्यात काही फरकच नाही, दोघींचं वय तेवढं बघायचं. रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, मग पुन्हा पाच पाच वर्षं, ग्रीन टॅक्स वयावर. इन्शुरन्समध्ये गाडीची किंमत धरतात ती पण वयावरच उतरते, सहा महिने ते एक वर्ष पंधरा टक्के, दुसऱ्या वर्षी वीस, असं करत पाचव्या वर्षी पन्नास, मग ती उभी असो की रोज चांदणी चौक ते हडपसर हेलपाटे घालत असो. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर. २०२२ मध्ये विमा नियामकाने जेवढी चालवाल तेवढा हप्ता अशा पॉलिसीला मोकळीक दिली खरी, पण माझ्या ओळखीत दुचाकीवाल्यांपैकी ती घेतलेला एकही माणूस नाही. आरसी कार्डावर चेसिस नंबर आहे, इंजिन नंबर आहे, रंग आहे, किलोमीटरला जागा नाही.

आणि ही जागा नाही तिथेच घोळ होतो. माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे, दर शनिवारी साताऱ्याला येतो. त्याने गेल्या वर्षी एका डीलरकडून २०१७ ची दीडशे सीसी गाडी घेतली, बावन्न हजार, डिजिटल मीटरवर २१,४०० किलोमीटर. खूश होता, मामा बघ किती कमी चाललीय. मी गाडीला नुसता एक फेरा मारला आणि मला पटेना. मागच्या ब्रेकचा पेडल बुटाने घासून आरशासारखा गुळगुळीत झालेला, गिअर लिव्हरचं रबर फाटून आतलं लोखंड दिसत होतं, फुटरेस्टचं रबर एका बाजूने झिजलेलं, चावी भोकात खुळखुळ वाजते. हँडलच्या ग्रिप मात्र कोऱ्या करकरीत, म्हणजे विकताना बदललेल्या. मग टायर बघितले. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुढचा टायर २०२० चा, मागचा २०२२ चा. आता मला सांगा, एकवीस हजारात दीडशे सीसीचा पुढचा टायर कोण बदलतं? माझ्या स्प्लेंडरला मागचाच पंचवीस-तीस हजार जातो, पुढचा त्याहून जास्त.

भाचा म्हणाला पंक्चरमुळे बदलला असेल. म्हटलं असेल बाबा. मग तो गाडीचा नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला गेला, तिथल्या मुलीने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, शेवटचं सर्व्हिसिंग २०२१ मध्ये, तेव्हा मीटर ६३,८००. चार वर्षांपूर्वी त्रेसष्ट हजार असलेली गाडी आज एकवीसवर. भाचा डीलरकडे गेला तर तो म्हणाला आम्ही आली तशी विकली, मीटर बदललेलं असेल, बिल आहे का तुमच्याकडे कमी किलोमीटरचं? बिलावर किलोमीटर लिहिलेलेच नव्हते. नंतर इंजिनच्या कामाला अकरा हजार गेले. आमच्या मिस्त्रीला विचारलं हे मीटर मागे कसं घेतात, तर तो हसला आणि म्हणाला, साहेब पूर्वी केबल ड्रिलला लावून उलटी फिरवायला लागायची, मेहनत होती, आता अर्ध्या तासाचं काम आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे थांबवायला नवीन खातं नको, नवीन कायदा पण फारसा नको. प्रत्येक गाडी पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला जातेच, बीएस फोर या प्रदूषणाच्या मानकापासूनची नवी गाडी वर्षातून एकदा, माझ्यासारखी जुनी सहा महिन्यांनी. तिथे नंबर प्लेटचा फोटो काढतात, धुरातल्या सीओ, एचसी या वायूंचे आकडे लिहितात, ते ऑनलाइन चढतं. त्याच वेळी मीटरचा एक फोटो काढा आणि आकडा टाका, आणि गाडीचा नंबर घातला की तो कुणालाही दिसू द्या. इंग्लंडात हे असंच आहे, गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी, मोटारसायकलला सुद्धा, त्यात मीटरचं रीडिंग नोंदवतात आणि घ्यायला आलेला माणूस घरबसल्या जुने सगळे आकडे बघतो.

लोक म्हणतील पीयूसी तर गाडी न नेता पण मिळते. मिळते, खोटं कशाला बोलू. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या, एखाद्या वेळी खोटा आकडा घालून भागत नाही, पुढच्या वेळी त्याहून जास्त घालायला लागतो, म्हणजे गाडी विकायच्या वेळी मीटर मागे घ्यायचं असेल तर त्याची तयारी पाच वर्षं आधीपासून दर वर्षी करायला पाहिजे, आणि एवढं लांबचं नियोजन करणारा माणूस जुन्या गाड्यांच्या धंद्यात पडणार नाही. केबल तुटलेली, मीटर बंद असलेलं, हे असणारच, माझी स्वतःची केबल तीनदा तुटली आणि एकदा पावसाळ्यात दीड महिना मी तशीच चालवली, ते किलोमीटर माझ्या वहीत अंदाजानेच आहेत. ‘मीटर बंद’ असं लिहा की मग, घेणाऱ्याला तेवढं कळलं तरी पुरे. पाच आकड्यांच्या जुन्या मीटरचं पण तसंच, एका वर्षी ९६ हजार आणि पुढच्या वर्षी ११ हजार दिसले की कुणालाही समजेल फेरा पूर्ण झालाय.

आणि यात जास्त चाललेल्या गाडीवाल्याचं नुकसान आहे असं कुणी समजू नये. वेळेवर ऑइल बदललेली, रोज चाललेली दीड लाखाची गाडी ही धूळ खात पडलेल्या वीस हजाराच्या गाडीपेक्षा मी कधीही आधी घेईन. माझ्या गाडीचं इंजिन एकदाच उघडलंय, १,३२,००० ला, पिस्टन आणि रिंगा. पण हे बोलायला आकडा खरा असावा लागतो.

परवा एक दूधवाला गाडी बघायला आला होता, अंगापूरकडचा. म्हटलं घ्यायची तर सगळं सांगून देतो, आणि वही काढून त्याच्यापुढे ठेवली, हे बघ एक लाख सत्त्याऐंशी हजार झालेत. त्याने वही बघितली, मग मीटरजवळ जाऊन वाकून बघितलं आणि मला हळूच म्हणाला, “साहेब, मीटरवर तर सत्त्याऐंशीच आहे की. वरचा लाख कशाला सांगत बसताय, मला पण उद्या विकायचीय.”

आपला,
एक नियमित वाचक, सातारा