कॉमन मीटरची नोटीस जिन्यात लावा

माननीय संपादक साहेब,

स.न.वि.वि. पत्र जरा लांबलंय, जागेअभावी कापावं लागलं तर कापा पण नोटिशीचा मुद्दा तेवढा ठेवा.

मागच्या महिन्यात आमच्या बिल्डिंगच्या कॉमन मीटरची लाईट कापली. कॉमन मीटर म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे, गेटवरचा कॅमेरा. दुपारी वीज कंपनीची माणसं आली, मीटर रूममधले फ्यूज काढले, वॉचमनची सही घेतली आणि निघून गेली. संध्याकाळी वरची टाकी रिकामी झाली तेव्हा कुठे लोकांना कळलं की हे नेहमीचं लोडशेडिंग नाहीये. आणि बघा, ज्यांनी वर्षवर्ष मेंटेनन्स दिलेला नाही त्यांच्या घरात टीव्ही, एसी सगळं मस्त चालू, कारण स्वतःच्या मीटरचं बिल ते मोबाईलवरून वेळेत भरतात. दर महिन्याला न मागता पैसे देणारे वरच्या मजल्यावरचे काका मात्र गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लिफ्ट नाही म्हणून घरात अडकले, फिजिओथेरपीला जाता येईना. म्हणजे थकवलं कुणी आणि शिक्षा कुणाला.

आता कंपनीने नियम मोडला का तर नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की बिल थकलं तर पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन कनेक्शन तोडता येतं. नोटीस दिली होती. फक्त ती कुणाला दिली हे विचारा. आमच्या कॉमन मीटरचं बिल अजून बिल्डरच्या नावावर येतं, आणि त्यावर रजिस्टर असलेला मोबाईल नंबर बिल्डरच्या त्या वेळच्या साईट सुपरवायझरचा आहे, जो नोकरी सोडून कधीच गेला. त्या माणसाला आमच्या लिफ्टच्या बिलाचे मेसेज येत राहिले, त्याने बहुतेक ब्लॉक केले असतील, मी असतो तर मीही केले असते. कागदी नोटीस आली ती वॉचमनने घेतली, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, तिथे कुरियरच्या पावत्या आणि जुन्या किल्ल्यांबरोबर ती सापडली.

इथेच माझं म्हणणं आहे. फ्लॅटचं बिल थकलं तर ग्राहक एक आणि त्रास पण त्यालाच. कॉमन मीटरचं तसं नाही, ग्राहक कागदावर एक, पण लाईट गेल्यावर त्रास सगळ्या बिल्डिंगला. मग नोटीस एकालाच का? कायद्याला हे परकं नाहीये, त्याच कायद्याच्या कलम १७१ मध्ये नोटीस बजावायचे जे मार्ग दिलेत त्यात घेणारा कुणी सापडला नाही तर जागेवर ठळक ठिकाणी चिकटवायची सोय आहे. आमच्यासारख्या ठिकाणी घेणारा 'सापडतो' हाच प्रॉब्लेम आहे, वॉचमन सापडतो. तेव्हा कॉमन मीटर असेल तर नोटीस हातात देऊन पण झाली पाहिजे आणि लिफ्टच्या शेजारी, जिन्यात, गेटवर चिकटवून पण झाली पाहिजे, थकलेल्या रकमेसकट. आमच्या इथे १५ दिवस ती लिफ्टच्या दाराशी लागली असती ना तर पैसे तिसऱ्या दिवशी जमले असते, हे मी लिहून देतो. कारण रक्कम काही डोंगराएवढी नव्हती, घरटी वाटली तर एका हॉटेलिंगचा खर्च. पैसे नव्हते म्हणून लाईट नाही गेली, नोटीस आलीय हे कुणाला माहीतच नव्हतं म्हणून गेली.

आता बिल्डरच्या नावावर मीटर का राहतो यावर पण बोललं पाहिजे. फ्लॅट ताब्यात देताना बिल्डर एक-दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतो, सोसायटी रजिस्टर व्हायला वेळ लागतो, तोपर्यंत कॉमन मीटरचं बिल भरायचं काम त्याचंच. हे उपकार नाहीत. २०१६ च्या रेरा कायद्याच्या (बिल्डरांवर लगाम ठेवणारा कायदा) कलम ११(४)(जी) मध्ये आहे की प्रोजेक्टचा ताबा रहिवाशांकडे किंवा त्यांच्या संस्थेकडे देईपर्यंत पाणी, वीज वगैरे सगळे खर्च बिल्डरने भरायचे, आणि लोकांकडून त्यासाठी घेतलेले पैसे त्याने भरले नसतील तर नंतरही तो त्याला जबाबदार राहतो. पण नंतर भांडत बसायचं म्हणजे अर्ज, तारखा, वकील, आणि तोपर्यंत टाकी कोरडी. म्हणून सोसायटीचा चार्ज घेताना किल्ल्या आणि प्लॅन घेतात तसं कॉमन मीटरचं शेवटचं भरलेलं बिल हातात घ्या, नाव बदलायचा अर्ज त्याच दिवशी करा. नवीन कमिट्या पहिल्या मीटिंगमध्ये गणपतीची वर्गणी ठरवतात, मीटरचं नाव कुणाच्या लक्षात येत नाही.

सोसायटीच रजिस्टर नसेल तर अजून अवघड. एका कुणाच्या तरी यूपीआयवर सगळे पैसे पाठवतात, तो माणूस बदली होऊन गेला की हिशोब पण गेला.

आणि कॉमन मीटरचं बिल एवढं येतं कसं, काहीतरी खाल्लं असणार असा संशय प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतो आणि त्या संशयावर बरेच जण पैसे अडवतात. खाल्लं असेल तर हिशोब मागा ना, पण एक गोष्ट समजून घ्या. आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांनी वाढतो, पहिले १०० युनिट स्वस्त, मग ३०० पर्यंत, मग ५००, त्याच्या वर सगळ्यात महाग. तुमच्या घरचं बिल खालच्या टप्प्यांत बसतं, पण अख्ख्या बिल्डिंगची लिफ्ट आणि पंप एकाच मीटरवर असल्याने तो बिचारा महिना अर्धा व्हायच्या आत ५०० च्या पुढे गेलेला असतो. सोलर बसवा हा सल्ला पण येतोच, आणि खोटा नाही, केंद्राच्या छतावरच्या सोलरसाठीच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पण जिथे महिन्याचं बिल जमत नाही तिथे सोलरचे पैसे कोण काढणार हा प्रश्न मी एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत विचारला तर सगळे हसले.

बिलाबद्दल खरंच वाद असेल, रीडिंग चुकलंय, मीटर पळतोय, तरी भरायचंच नाही हा मार्ग नाही. त्याच कलम ५६ मध्ये सोय आहे, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरा, वाद मिटेपर्यंत लाईट तोडता येत नाही. मग ग्राहक गाऱ्हाणे मंचाकडे जा, तिथे नाही पटलं तर विद्युत लोकपाल आहे. आमच्या कमिटीने काय केलं, बिल चुकीचं आहे असं पत्र लिहिलं, पोच घेतली आणि निवांत बसले.

थकबाकीदारांचं काय करायचं? इथे लोक दोन टोकं गाठतात. एकतर काहीच करत नाहीत कारण रोज तोंड बघायचं असतं, किंवा मग एकदम सेक्रेटरी स्वतःच मीटर रूममध्ये जाऊन थकबाकीदाराच्या फ्लॅटचा एमसीबी, म्हणजे विजेचा मेन स्विच पाडतो, नाहीतर पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करतो आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचं कौतुक होतं. हे दुसरं करू नका. १९६३ च्या मोफा कायद्याचं (महाराष्ट्रातला फ्लॅट मालकीचा कायदा) कलम १२-अ बघा, बिल्डिंगचा कारभार बघणाऱ्याने, मग तो बिल्डर असो की कमिटी मेंबर की सेक्रेटरी, योग्य कारणाशिवाय पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट बंद करायची नाही. आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात अशी एक ओळ आहे जी माझ्या मते प्रत्येक कमिटीच्या ऑफिसात फ्रेम करून लावली पाहिजे, की कारभाऱ्याच्या कृतीमुळे किंवा त्याने काही न केल्यामुळे बाहेरच्या सक्षम यंत्रणेने पुरवठा तोडला तरी ते त्यानेच पुरवठा रोखल्यासारखं धरलं जातं. म्हणजे पैसे हातात असून बिल भरलं नाही आणि कंपनीने लाईट कापली तर 'आम्ही कुठे कापली, कंपनीने कापली' हे बोलून सुटका होईलच असं समजू नका.

वसुलीचा सरळ रस्ता आहे. सहकारी संस्था कायद्यात पूर्वी कलम १०१ होतं, आता गृहनिर्माण संस्थांसाठी १५४ब-२९ आहे, सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करून वसुली दाखला घ्यायचा आणि मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज पण लावता येतं. वेळ लागतो हे मान्य, पण नुसता अर्ज टाकल्यावर आणि त्याची प्रत दारावर गेल्यावर निम्मे लोक भरतात असं आमच्या शेजारच्या सोसायटीचा अनुभव सांगतो. आमच्या इथे तो अर्ज होत नाही कारण सगळ्यात मोठ्या थकबाकीदाराचा सख्खा भाऊ कमिटीत आहे, असो.

अजून एक गोष्ट. लाईट गेल्यावर त्या रात्री एका उत्साही मेंबरने स्वतःच्या फ्लॅटमधून वायर खाली सोडून पंप चालवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माणुसकी म्हणून ठीक आहे पण ज्या जागेसाठी कनेक्शन मंजूर आहे त्याच्या बाहेर वीज दिली तर तो वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर होतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. शेजाऱ्याची लाईट कापलीय म्हणून गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्ड देणाऱ्यांनी पण हे लक्षात ठेवा. त्या मेंबरचं बिल आलं तर कोण भरणार होतं? कुणी नाही.

भाडेकरूंबद्दल थोडक्यात, कारण त्यांना कुणी विचारत नाही. मालक एनओसी (ना-हरकत पत्र) देत नाही म्हणून वीज नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या केसमध्ये सांगितलंय, भाडेकरू तिथे राहतोय एवढं बघायचं. आणि जुना फ्लॅट विकत घेणाऱ्यांनी मागची वीजबिलं तपासूनच सही करावी, आधीच्या मालकाची थकबाकी नवीन कनेक्शनच्या वेळी मागता येते हे २०२३ च्या के. सी. निनान निकालात आलेलं आहे.

आता परत नोटिशीकडे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाला आणि वीज कंपन्यांना माझी मागणी एवढीच आहे की कॉमन मीटर ही वेगळी नोंद करा, त्यावर एकाऐवजी चार-पाच मोबाईल नंबर रजिस्टर करू द्या, ग्राहक क्रमांक टाकून बाकी किती आहे हे कुठल्याही रहिवाशाला बघता येईल असं करा, आणि फ्यूज काढायच्या आधी नोटीस जिन्यात चिकटवल्याचा फोटो लाईनमनने काढून सिस्टीममध्ये टाकलाच पाहिजे असा नियम करा. मीटर रीडिंगचा फोटो आत्ता पण काढतातच की.

आणि आयोग ऐकेपर्यंत कमिट्यांनी दर महिन्याला कॉमन मीटरच्या बिलाची आणि पावतीची झेरॉक्स नोटीस बोर्डवर लावावी, दोन रुपयांचं काम आहे. आमच्या बोर्डवर सध्या २०२३ च्या दिवाळी पार्टीचा कागद आहे.

आपला,
एक नियमित मेंटेनन्स भरणारा सभासद
(कमिटीत नाही, आणि या पत्रानंतर कुणी घेणारही नाही)